पूरग्रस्तांचे साहाय्य आणि शाळा : माहीमच्या खाडीकाठचा एक पाठ



जून महिन्यात शाळा उघडतात आणि त्याच सुमारास पावसाळाही सुरू होतो. आषाढ-श्रावणात ओढे-नाले दुथडी भरून वाहू लागले की मुलांना शाळेत पाठवावे की घरी ठेवावे, या विवंचनेत खेड्यातील पालक असतात. एखाद्या वर्षी पाऊस आपली मर्यादा सोडतो. अशा वेळी गावातील पक्की, उंच जोत्याची आणि सर्वांच्या परिचयाची इमारत म्हणून लोक शाळेकडेच धाव घेतात. बाके भिंतीला लागतात, फळ्याखाली अंथरुणे पडतात, आणि शाळेची किल्ली ज्याच्याजवळ असते त्या शिक्षकाकडे साऱ्यांचे डोळे लागतात. हे काम त्याने पूर्वी कधी केले आहे काय, हे विचारण्यास तेव्हा कोणास सवड नसते.

म्हणून पूरग्रस्तांचे साहाय्य म्हणजे नेमके काय, ते कोणत्या क्रमाने करावयाचे असते आणि त्यात प्राथमिक शिक्षकाचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उदाहरणादाखल मुंबईतील माहीम आणि तेथे समुद्रास मिळणारी मिठी नदी यांची निवड केली आहे. खेड्यातील शिक्षकांपुढे शहराचे उदाहरण कशासाठी, अशी शंका कोणी घेईल. त्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, माहीमला पूर ज्या रीतीने येतो त्याच रीतीने तो खाडीकाठच्या कित्येक गावांना येतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. मुंबईसारख्या साधनसंपन्न नगरीतही संकटाच्या पहिल्या रात्री धावून आली ती सामान्य माणसे. आणि पुढे मदत कोणापर्यंत पोहोचली व कोणापर्यंत नाही, हे पुष्कळ अंशी याद्यांवर ठरले. हे दोन्ही अनुभव आपल्या उपयोगाचे आहेत.

माहीमचे स्थान

येथे माहीम म्हणजे मुंबई शहरातील माहीम. पालघर जिल्ह्यातील केळवे-माहीम नव्हे. आजची मुंबई ज्या सात बेटांची मिळून झाली त्यांपैकी माहीम हे एक. त्याच्या उत्तरेस खाडी आणि खाडीपलीकडे वांद्रे. पूर्वी ही खाडी नावेने ओलांडावी लागे. आवाबाई जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून येथे रस्ता बांधला गेला आणि तो १८४५ साली खुला झाला. मुंबईचे लोक त्यास आजही माहीमचा कॉजवे म्हणतात.

या खाडीच्या मुखाशी मिठी नदी समुद्रास मिळते. विहार व पवई या तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन ती निघते आणि साकीनाका, कुर्ला, कालिना, वांद्रे-कुर्ला संकुल व धारावी यांच्या कडेने सुमारे १८ किलोमीटर वाहत माहीमला पोहोचते. वाटेत विमानतळाच्या धावपट्टीखालून तिला जावे लागते. दोन्ही काठांवर कारखाने, गुदामे, झोपड्या आणि इमारती उभ्या राहिल्या. पात्रात कचरा व राडारोडा पडत गेला. मुखाजवळची दलदल आणि तिवरांची जागा भराव घालून कमी झाली. नदीला पसरावयास जी मोकळी जागा हवी असते ती अशी थोडी थोडी करून संपत आली.

आता भरतीचा विचार करू. समुद्राला दिवसातून दोन वेळा भरती येते. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी खाडीच्या व नाल्यांच्या मुखांपेक्षा उंच जाते. तेव्हा नदीचे पाणी समुद्रात उतरण्याऐवजी तुंबून मागे सरते. मोरीच्या तोंडाशी बादलीभर पाणी ओतावे आणि त्याच वेळी कोणी मोरीचे भोक बोटाने दाबून धरावे, तसाच हा प्रकार. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले म्हणजे नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरल्यावाचून राहत नाही. महाड, चिपळूण यांसारखी खाडीला मिळणाऱ्या नद्यांच्या काठची गावे याच दुहेरी संकटाने वेळोवेळी बुडाली आहेत. २२ जुलै २०२१ रोजी आलेला त्यांचा पूर अद्याप सर्वांच्या स्मरणात आहे.

२६ जुलै २००५

त्या दिवशी मंगळवार होता. सकाळी शाळा, कचेऱ्या, गिरण्या-कारखाने नेहमीप्रमाणे सुरू झाले. दुपारी दोननंतर उपनगरांवर जणू आभाळच फाटले. सांताक्रूझ येथील वेधशाळेत २६ तारखेच्या सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच चोवीस तासांत शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याला, अवघा ७३ मिलिमीटर पाऊस पडला. एकाच नगरीच्या दोन टोकांमध्ये एवढे अंतर! त्यामुळे दक्षिणेकडे बसलेल्या पुष्कळांना उत्तरेकडे काय चालले आहे याची बराच वेळ कल्पनाच आली नाही.

शहराची जुनी गटारव्यवस्था तासाला सुमारे २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेईल, तोही ओहोटी असताना, अशा अंदाजाने बांधलेली होती. पाऊस त्याच्या कित्येक पट पडत होता आणि दुपारी समुद्राला सुमारे साडेचार मीटर उंचीची भरती आली. मिठी काठ सोडून वाहू लागली. कुर्ला, कालिना आणि नदीकाठच्या इतर वस्त्यांत पुरुषभर पाणी चढले. लोकल गाड्या थांबल्या, वीज गेली, दूरध्वनी बंद पडले. साकीनाक्याजवळ दरड कोसळून झोपड्या गाडल्या गेल्या. मुंबई व उपनगरांत चारशेहून अधिक माणसे दगावली. त्याच पावसात रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील जुई, दासगाव आदी गावांवर दरडी कोसळल्या. राज्यात मिळून हजाराहून अधिक बळी गेले.

शिक्षकांनी विशेष ध्यानी घ्यावी अशी गोष्ट म्हणजे, त्या रात्री मुंबईतील अनेक शाळांतील मुले शाळेतच राहिली. घरी जाण्याचा रस्ता पाण्याखाली, पालक कोठे तरी अडकलेले, आणि निरोप पाठविण्याचे साधन नाही. शिक्षकांनी मुलांना वरच्या मजल्यावर नेले, मिळेल ते खाऊ घातले, रात्रभर त्यांच्याजवळ बसून राहिले आणि दुसऱ्या दिवशी पालक आल्यावरच मुले त्यांच्या स्वाधीन केली. हे करण्यास कोणता आदेश आला नव्हता आणि येण्याचा मार्गही नव्हता.

तसेच रस्त्यारस्त्यांवर घडले. शहरातून उपनगरांकडे हजारो लोक पाण्यातून पायी निघाले होते. त्यांच्यासाठी रस्त्याकडेच्या रहिवाशांनी दोर बांधले, उघड्या गटारांजवळ उभे राहून वाट दाखविली, चहा, बिस्किटे, पिण्याचे पाणी दिले. ज्यांची स्वतःची घरे भिजली होती अशांनीही अनोळखी माणसांना रात्रीपुरता आसरा दिला. मंदिरे, मशिदी, चर्च आणि गुरुद्वारे यांची दारे उघडली गेली. पुराच्या पहिल्या प्रहरात मदत येते ती शेजाऱ्याकडून. सरकारी यंत्रणा कितीही तत्पर असली तरी तिला पोहोचावयास वेळ लागतोच.

साहाय्याच्या तीन अवस्था

मदत ही एकच गोष्ट नव्हे. तिच्या तीन अवस्था असतात आणि प्रत्येकीची गरज निराळी असते.

पहिली अवस्था काही तासांची. तीत जीव वाचविणे एवढेच काम. माणसांना उंच जागी नेणे, वाहत्या पाण्यात कोणास उतरू न देणे, होडीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे न चढविणे. घाईने केलेली मदतही घातक ठरते, हे सांगावयास नको. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली नाव उलटून अनेकांचा अंत झाला. ती माणसे सुरक्षित जागी जाण्यासाठीच नावेत बसली होती.

दुसरी अवस्था काही दिवसांची. निवारा, शुद्ध पाणी, शिजलेले अन्न, कोरडे कपडे आणि औषध या पाच गोष्टी तीत लागतात.

तिसरी अवस्था आठवड्यांची, कधी महिन्यांची. पाणी ओसरते, वर्तमानपत्रांतील बातम्या थांबतात, पाहुणे परत जातात आणि खरी अडचण तेव्हा सुरू होते. मुंबईत ऑगस्ट २००५ मध्ये लेप्टोस्पायरोसिस, काविळ व जुलाब यांचे रुग्ण रुग्णालयांत येऊ लागले. हजारो जनावरांचे मृतदेह उचलावे लागले. चिखल काढावयाचा होता, पंचनामे करावयाचे होते आणि भिजलेल्या कागदांवाचून माणसांना आपण कोण हे सिद्ध करावयाचे होते. खेड्यातील शिक्षकाचा उपयोग या तिसऱ्या अवस्थेत सर्वांत अधिक होतो, कारण तो गावातच असतो.

शाळेतील निवाऱ्याचा हिशेब

शाळेत किती माणसे राहू शकतील, हे अंदाजाने सांगू नये, मोजून सांगावे. आपत्तीतील मदतीसाठी जगभर जे किमान दंडक मानले जातात त्यांत दर माणशी साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा धरली आहे. वर्गखोली ७ मीटर लांब व ६ मीटर रुंद असेल तर तिचे क्षेत्रफळ ४२ चौरस मीटर झाले. म्हणजे तीत १२ माणसे नीट राहू शकतात. चार खोल्यांच्या शाळेत ४८. एका रात्रीपुरती याहून अधिक माणसे दाटीने बसतील. पण मुक्काम आठवड्याचा झाला की दाटीतून आजार आणि भांडणे दोन्ही उद्भवतात. म्हणून उरलेल्यांसाठी समाजमंदिर, देऊळ किंवा उंचावरची घरे आधीच ठरवून ठेवावीत आणि शाळेच्या खोल्या प्रथम बाळंतिणी, लहान मुले, वृद्ध, आजारी व दिव्यांग यांना द्याव्यात.

याच दंडकांप्रमाणे पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी व स्वच्छतेसाठी मिळून दर माणशी दिवसाला १५ लीटर पाणी लागते. ४८ माणसांना ७२० लीटर. शौचालय २० माणसांमागे एक. स्त्रियांची शौचालये निराळी असावीत, त्यांना आतून कडी असावी आणि वाटेवर रात्री दिवा असावा. या साध्या गोष्टी नसल्या तर स्त्रिया पाणी पिणेच कमी करतात व आजारी पडतात. हे बोलून दाखविण्यास त्या संकोचतात. म्हणून शिक्षिका, अंगणवाडी सेविका व आशा सेविका यांनी त्यांच्याशी बोलून गरजा समजून घ्याव्यात. मासिक पाळीसाठी लागणारे स्वच्छ कापड वा पट्ट्या यांची व्यवस्थाही त्यांच्याकडेच सोपवावी.

शालेय पोषण आहाराची भांडी आणि चूल या वेळी उपयोगी पडतात. मात्र शाळेतील धान्य वापरावयाचे झाल्यास ते मोजून घ्यावे, वहीत नोंदवावे आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या दोन सदस्यांची सही घ्यावी. संकटात कोणी हिशेब विचारत नाही. तो पुढे विचारला जातो.

पाणी आणि आजार

पुरानंतर विहिरीचे पाणी स्वच्छ दिसले तरी ते शुद्ध नसते. गढूळ पाणी प्रथम तुरटी फिरवून निवळू द्यावे व दुहेरी कापडातून गाळावे. त्यानंतर ते उकळावे किंवा त्यात क्लोरीन घालावे. ग्रामपंचायतीकडे असणारी टीसीएल भुकटी ताजी व चांगल्या प्रतीची असेल तर दर हजार लीटर निवळलेल्या पाण्यास साधारण ५ ग्रॅम पुरते. भुकटी घातल्यावर अर्धा तास थांबून मगच पाणी वापरावे. भुकटीचे प्रमाण बरोबर झाले किंवा नाही हे जलसुरक्षक ओ. टी. चाचणी करून सांगू शकतो. त्यास विचारल्यावाचून कमीअधिक घालू नये.

जुलाब सुरू झालेल्या मुलास रुग्णालयात नेईपर्यंत एक लीटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते घोट घोट पाजत राहावे. मीठ अधिक पडू देऊ नये.

लेप्टोस्पायरोसिस, ज्यास लोक लेप्टो म्हणतात, तो उंदीर व इतर जनावरांच्या मूत्रातील जंतूंमुळे होतो. मूत्र पुराच्या पाण्यात मिसळते आणि पायाला जखम वा चीर असेल तर जंतू तेथून शरीरात जातात. ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे ही त्याची लक्षणे होत; पुढे काविळही होऊ शकते. हा आजार बहुधा पाण्यात उतरल्यापासून एक-दोन आठवड्यांनी दिसतो. तोवर पूर विसरला गेलेला असतो आणि ताप साधा समजून घरगुती काढा दिला जातो. मुंबईत हेच धोक्याचे ठरले. पुरानंतरचे दोन-तीन आठवडे ताप आलेल्या प्रत्येक मुलाच्या पालकास शिक्षकाने विचारावे की मूल पाण्यात उतरले होते काय, आणि तसे असल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. वेळीच औषध मिळाले तर हा आजार बरा होतो.

यादी : मदतीचा कणा

आता या लेखातील मुख्य गोष्टीकडे येऊ. धान्य, कपडे, पैसा यांची कमतरता अनेकदा भासत नाही. महाराष्ट्रातील लोक अशा प्रसंगी सढळ हाताने देतात. उणीव असते ती न्याय्य यादीची. ज्याचे नाव यादीत नाही त्याच्यासाठी मदत आलीच नाही, असे होते.

मिठीकाठच्या वस्त्यांत भाड्याने राहणारी कुटुंबे पुष्कळ. घर दुसऱ्याच्या नावावर, शिधापत्रिका गावाकडे, आणि जे काही कागद जवळ होते ते पाण्यात. अशा माणसाचे नुकसान मालकाइतकेच, कधी त्याहून अधिक; परंतु कागदावर तो तेथे राहतच नसतो. खेड्यातही असे लोक असतात. वीटभट्टीवर आलेली कुटुंबे, ओढ्यापलीकडची कातकरी वाडी, भावाच्या घरी राहणारी विधवा, मुले परगावी असलेले वृद्ध जोडपे, पूर येताच नातेवाइकांकडे गेलेले आणि म्हणून पंचनाम्याच्या दिवशी हजर नसलेले लोक. यांची नावे कोणी मुद्दाम वगळतो असे नाही. जो पुढे येऊन बोलतो त्याचे नाव आधी लिहिले जाते, आणि ही माणसे पुढे येऊन बोलत नाहीत. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तशी त्यांची गत होते.

गावाची महसुली यादी व पंचनामा करण्याचा अधिकार महसूल खात्याच्या कर्मचाऱ्यास, म्हणजे ज्याला आपण तलाठी म्हणत आलो त्यास असतो. शिक्षकाने त्याच्या कामात ढवळाढवळ करू नये. परंतु त्याच्या हाती खरी माहिती द्यावी. प्रत्येक घरातील एक तरी मूल शाळेत असते किंवा पूर्वी होऊन गेलेले असते. त्यामुळे कोणत्या घरात किती माणसे आहेत हे शिक्षकाइतके क्वचितच कोणास ठाऊक असते.

यादी करताना पुढील रीत पाळावी. एक, ती घराऐवजी चुलीप्रमाणे करावी. एका छपराखाली दोन चुली असतील तर दोन कुटुंबे लिहावीत. दोन, कुटुंबप्रमुखाबरोबर माणसांची संख्या व वये, गरोदर व स्तनदा माता, नित्य औषध लागणारे रुग्ण, आणि काय गेले व काय मिळाले, असे रकाने ठेवावेत. तीन, पाणी ओसरल्यावर दुसरी फेरी करावी, म्हणजे परतलेले लोक सापडतील. चार, यादी चावडीवर मोठ्याने वाचून दाखवावी व कोण राहिले ते लोकांनाच विचारावे. गुप्त यादीने संशय वाढतो. उघड यादी गावच दुरुस्त करते. आजाराचा रकाना मात्र वाचू नये. ती माहिती आरोग्य सेविकेपुरतीच राहावी.

याला जोडूनच शाळेच्या जनरल रजिस्टरविषयी लिहिणे अगत्याचे आहे. घरातील सर्व कागद वाहून गेल्यावर मुलाचे पूर्ण नाव, आईचे नाव, जन्मतारीख व जात यांचा विश्वासार्ह पुरावा पुष्कळदा या एका रजिस्टरात उरतो. त्याच्या आधारे दाखला मिळतो, दाखल्याच्या आधारे पुढचे कागद पुन्हा उभे राहतात. मुलाचेच नव्हे, तर त्याच शाळेत शिकलेल्या त्याच्या आईबापांचेही. जे रजिस्टर कपाटाच्या खालच्या खणात भिजून जाते त्याच्याबरोबर अनेक कुटुंबांची ओळख भिजते. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उंच फळीवर ठेवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे.

काय द्यावे आणि कसे द्यावे

आपल्या घरी जे नको झाले आहे ते देणे म्हणजे मदत नव्हे. फाटके कपडे, शिळे अन्न, मुदत संपलेली औषधे यांचे ढीग प्रत्येक पुरानंतर जमतात आणि ते उचलण्यातच स्वयंसेवकांचा दिवस जातो. आधी विचारावे, मग द्यावे. पहिल्या दिवशी शिजलेले अन्न, पाणी, चादर, कोरडे कपडे व विजेरी. पाणी ओसरून माणूस घरी परतला की त्यास पातेले, तवा, परात, बादली, झाडू, फावडे आणि कोरडा शिधा. आपल्या चुलीवर पहिली भाकर भाजली की घरातील बाईचा जीव थाऱ्यावर येतो. त्यानंतर बी-बियाणे, हत्यारे, शिलाई यंत्र, म्हणजे ज्यावर रोजी चालते ते.

देताना घेणाऱ्याचा मान राखावा. कालपर्यंत जो स्वतःच्या घरी चार पाहुण्यांना जेवू घालीत होता तो आज रांगेत उभा आहे, याचा विसर पडू नये. पंगतीत कोणाचे पान वेगळे मांडू नये. वस्तू देताना छायाचित्रे घेण्याची अलीकडे रीत पडली आहे. शाळेच्या आवारात ती पडू देऊ नये. वर्गात पूरग्रस्त मुलांना उभे करून वह्या वाटू नयेत. वह्या सर्वांच्याच दप्तरांत पोहोचतील अशी योजना करावी. मुलाच्या मनावर पुराचा ओरखडा आधीच असतो. त्यावर उपकाराचा ओरखडा नको.

सरकारी व्यवस्था

२६ जुलैनंतर काही गोष्टी बदलल्या. ऑगस्ट २००५ मध्ये मिठी नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने पुराची कारणे तपासून २००६ मध्ये अहवाल दिला. पावसाचे पाणी समुद्रात लोटण्यासाठी १९९३ च्या अहवालात सुचविलेली उदंचन केंद्रे हळूहळू बांधली गेली. हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह ही त्यांपैकी काही. नदीचे पात्र रुंद व खोल करण्यात आले. त्यासाठी काठावरची घरे हटविली गेली आणि पुनर्वसनाचा प्रश्न उभा राहिला. नदीला जागा द्यावयाची आणि माणसालाही द्यावयाची, हा हिशेब अवघडच आहे.

डिसेंबर २००५ मध्ये देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष व जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. म्हणजे आपली जिल्हा परिषद या कामात केवळ साहाय्यक नसून भागीदार आहे, आणि तिच्या शाळाही तशाच आहेत. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ व तातडीच्या साहाय्याचा ११२ हे तीन क्रमांक वर्गाबाहेरच्या भिंतीवर रंगवून घ्यावेत.

वर्गातील पाठ

पुराचा विषय भूगोल, गणित व परिसर अभ्यास यांत सहज गुंफता येतो. सरळ बाजूंच्या डब्याला आत पट्टी चिकटवून मुलांकडून पर्जन्यमापक करवून घ्यावा व रोजच्या पावसाची नोंद ठेववावी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लीटर पाणी, हे एकदा समजले की सांताक्रूझचा आकडा त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. आपल्याच ४२ चौरस मीटरच्या वर्गाच्या छपरावर त्या चोवीस तासांत ३९,६४८ लीटर पाणी पडले असते. हे उदाहरण मुलांनी स्वतः सोडवावे.

दुसरा पाठ नकाशाचा. मुलांनी आपल्या गावाचा कच्चा नकाशा काढून त्यात ओढा, साकव, उंच जागा, विहिरी व शाळा दाखवावी. प्रत्येकाने आपल्या घरापासून शाळेपर्यंतची वाट रंगवावी आणि ती कोठे पाणी ओलांडते तेथे खूण करावी. हा नकाशा केवळ अभ्यासाचा नव्हे. मुसळधार पावसाच्या दिवशी कोणास घरी सोडावे आणि कोणास शाळेत ठेवून घ्यावे, याचा निर्णय शिक्षकाने त्यावरून करावयाचा आहे. ज्या मुलाच्या वाटेवर खूण आहे त्यास मोठ्या माणसाच्या हाती दिल्यावाचून सोडू नये. शाळा सुटण्याची वेळ झाली हे कारण पुरेसे नाही. २६ जुलैच्या रात्री मुंबईच्या शिक्षकांनी नेमके हेच केले.

पावसापूर्वी करावयाची कामे

सारांश, पहिला जोराचा पाऊस येण्यापूर्वी प्रत्येक शाळेने पाच कामे उरकावीत. वर्गखोल्या मोजून निवाऱ्याची संख्या फळ्यावर नव्हे, वहीत लिहावी. ओढ्यापलीकडून येणाऱ्या मुलांची यादी करून हजेरीपटास जोडावी. ग्रामपंचायतीत टीसीएल भुकटी ताजी आहे किंवा नाही ते पाहावे. शाळेची दुसरी किल्ली शेजारच्या विश्वासू घरी ठेवावी, कारण पूर रात्री येतो आणि शिक्षक कधी परगावी असतो. आणि जनरल रजिस्टर उंच फळीवर ठेवावे.

पूर ओसरल्यावर शाळा शक्य तितक्या लवकर, मग ती झाडाखाली वा देवळाच्या ओसरीवर का होईना, पुन्हा भरवावी. मुले एका ठिकाणी सुखरूप बसली म्हणजे आईबापांना चिखल काढावयास व पंचनाम्यास जावयास मोकळीक मिळते. मुलांनाही कालचे पाणी आज नाही, एवढे कळते. पहिल्या दिवशी पाठ पुढे नेण्याची घाई करू नये. हजेरी मात्र सावकाश, नाव घेऊन घ्यावी, आणि जे नाव घेतल्यावर उत्तर येत नाही त्या मुलाच्या घरी शाळा सुटताच स्वतः जाऊन यावे.